मॅकवरची डावी बाही

हॅलो?… नाही गं, तुला नाही बोलले. स्वतःशीच कुरकुरतेय. मेली ही डावी बाही!… बोला, वन्सं.

अगं म्हण की वहिनी! तुझ्या भावाशी काडीमोड झाला म्हणून जिभेचं वळण थोडंच बदलतं?

हो, हो… तेच शोधतेय सकाळपासून. समोरचा चहा गार झाला. आपल्या शिवणाच्या प्रोग्रॅममधून विंडोजवर शर्टाचं कटिंग कागदावर छापलं, बरोबर. लिनक्सवर छापलं, बरोबर. आणि तुझ्या मॅकवर तेवढी डावी बाही आखूड!… अगं ऐक ना. उजवी बाही उलटी केली की झाली डावी. आपल्या प्रोग्रॅममध्ये तिचं वेगळं गणितच नाही. मग मॅकने काय एका हाताशी वैर धरलंय?

आपला तिसरा गडी, दाढीवाला? आला ना त्याचा निरोप. म्हणे, सॉफ्टवेअर फुकट वाटायचं, कोड सगळ्यांना खुला, राबणारी माणसं आपण तीन. मॅकचे लाड कशाला? काढून टाका… संध्याकाळी नवी आवृत्ती टाकायचीय गं. तोवर बाही सुटली नाही, तर मॅक वगळूनच जाईल.

ओरडू नकोस. कानाला फोन आहे माझ्या.

बरं, टेप घे. शिवलेल्या शर्टाला नको लावू, छापलेल्या कागदाला लाव… थांबते की… हं. आणि उजवी?… परत मोज.

अगं, मग सारख्याच आहेत!

आखूड कशावरून म्हणालीस?… घालून बघितला. कोणी?… शेजाऱ्यांनी. कुठल्या शेजाऱ्यांनी? तुझ्या शेजारी तर दोन म्हाताऱ्या बहिणी राहतात.

वन्सं… उजव्यापेक्षा डावा हात अर्धा इंच लांब, असा माणूस माझ्या माहितीत एकच आहे. त्याची डावी बाही वाढवून शिवण्यात माझा निम्मा संसार गेला.

तुझ्या भावानेच घातला ना तो शर्ट?

मॅकही त्याचाच?… दर आवृत्ती तपासायला तुझ्याकडे घेऊन येतो? म्हणजे ते ‘बटण कुठल्या कुठे नेऊन ठेवलंय’, ‘खिडकी उगाच एवढी मोठी उघडते’, ते सगळे शेरे त्याचे… तरीच! मला वाटायचं, ही पोरगी इतकी किरकिरी कधीपासून झाली?

हसू नकोस… मी कुठं हसतेय? खोकला आहे तो.

नाही, चिडले नाही… बरं, चिडले थोडी. पण दोष सापडला की नाही? बिचाऱ्या मॅकला उगाच बोल लावला. खोट तुमच्या घराण्यात निघाली!

राहतोय गं मॅक, राहतोय. दाढीवाल्याचं मी बघते. आणि पुढच्या आवृत्तीत दोन्ही हातांची मापं वेगवेगळी टाकायची सोय करू… त्याच्यासाठी नाही काही! जगात इतरांनाही हात असतात.

पण एवढं लपवलंस कशाला?… मोठ्याने बोल, पुटपुटू नकोस… मॅक गेला असता, तर काय?… मला फोन करायला निमित्त उरलं नसतं?

अगं…

नाही, आता तू थांब. वर्षभर आपण दोघी बाह्या आणि बटणांवरच बोलतोय. आज एकदाच बोलते आणि फोन ठेवते.

मी नवरा सोडलाय. नणंद नाही सोडलेली.