दिवस मावळायच्या आत

मालवणच्या स्टँडवर सांगलीची गाडी अजून लागली नव्हती. तिची वाट बघत बसलेल्या साक्षी नावाच्या मुलीच्या मागच्या बाकावर आष्ट्याचे भूपालअण्णा आणि पाटणचे नाथाजी, नुकतीच ओळख झालेले, गप्पा मारत होते.

“आवं अण्णा, समुद्रात सूर्य बुडताना बघितला का न्हाई?”

“दर वर्साला येतो, गड्या. पर आमी जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं. समदं जग पाण्याकडं बघतंय, आन आमची मान ताटात.”

“मग ताटच घिऊन वाळूत बसायचं!”

“काल बसलो की. तेवढी अक्कल हाय मला. सूर्य बघत ऱ्हायलो आन घास हातातच ऱ्हायला. सूर्य बुडाला, तसं आमच्या कारभारणीनं, त्रिशलानं, ताट झाकलं.”

“म्हंजे उपाशी? आन वहिनी?”

“ती समुद्राकडं पाठ करून पोटभर जेवली. सकाळी मला इचारती, सूर्य दिसला कसा?”

“काय सांगितलंत?”

“म्हणलं, गोल, टम्म फुगल्याला, ताज्या भाकरीवानी.”