शेडगेसरांची खोली

चहा थंड झाला तर होऊ दे, आधी हे ऐका. मुळशीच्या आमच्या कॉलेजात वसतिगृहाची चार हाउस होती आणि प्रत्येक हाउसचे प्राध्यापक मुलांबरोबरच राहायचे. त्यामुळे स्वच्छतेच्या ढालीसाठी त्यांचीही खोली तपासली जायची. आमचे शेडगेसर वनस्पतिशास्त्राचे. मच्छरदाणीच्या दोरीवर भाताच्या लोंब्या, खाटेखाली चिखलाचे बूट. दोन वर्षं त्यांच्यापायी हाउसचे गुण कापले गेले आणि ढाल गेली.

तिसऱ्या वर्षी आम्ही खोलीला कुलूपच लावलं आणि तपासणीला आलेल्या प्राचार्यांना सांगितलं, "सर पुण्याला गेलेत."

तेवढ्यात हातात रोपं घेऊन सर हजर! "कोण गेलंय पुण्याला? उघडा रे खोली!"

किल्ली माझ्याच खिशात होती. ढाल गेली.

पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले आणि ढाल आम्हाला मिळाली. पण ती भिंतीवर लावायला कुणाचा हात होईना. शेवटी एसटीनं कोळवणला, सरांच्या घरी घेऊन गेलो. तिथंही दोरीवर लोंब्याच. सरांनी ढाल हातात घेतली, बराच वेळ चष्मा पुसला आणि ढाल परत माझ्याकडे दिली.

"हितं नगं ठिवू रे," घरच्या बोलीत म्हणाले, "गुण कापत्याल."