दोन पायांचा ब्रेक

—नाही मेस्त्री, पेडल कडक आहे हे मला सांगितलंत तर चालेल, आमच्या आजोबांसमोर म्हणू नका. आमच्या घरात नियमच आहे— पेडल कधी कडक नसतं, माणसाचा पाय लेचापेचा असतो. का, असं विचारायचं नाही. मी विचारलं होतं, तर मला जिने चढायला लावले. खरंच सांगते— आमच्याकडे गाडी शिकायची म्हणजे आधी जिने, मग उठाबशा, मग स्टेअरिंग. बाबांची उजवी पोटरी बघा कधी, डाव्या पोटरीच्या दीडपट— शिंपी टेप दोनदा लावतो आणि गुपचूप त्यांच्या तोंडाकडे बघतो. उतार लागला की आजोबा नुसतं ‘पाय’ म्हणतात, आणि गाडीतले सगळे तळाला पाय दाबतात. मागच्या सीटवरचेसुद्धा. आत्यानं तर दाबून दाबून मॅटला भोक पाडलंय— ते काय, पुढे डावीकडे— आणि गाडी थांबली की आमच्याकडे अशी बघते, जशी काही तिनंच थांबवली.

हाच का तो बूस्टर? परातीएवढा आहे की. मला वाटलं वाटीएवढा असेल. म्हणजे इंजिन हवा ओढतं, त्या ओढीनं हा डबा पायाला हात देतो, बरोबर? आणि आतला रबरी पडदा फाटला की सगळा भार आपल्या पायावर. माहीत आहे हो, मी स्वतः तपासलं— इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबायचं, मग दाबून धरलेलं असतानाच गाडी चालू करायची. पेडल जरासं खाली गेलं तर बूस्टर शाबूत. आमचं ढिम्म. कुणी शिकवलं म्हणजे? कॉलेजात नाही, मी इतिहास घेतला होता. एक ओळखीचे आहेत— आहे. ओळखीचा आहे एक.

मान सांभाळा, त्या डॅशबोर्डखाली जागा नाही— निघाली पिन? बरं. तर तो ओळखीचा एकदा घरी आला, सहज, चहाला. आजोबांनी कप त्याच्या हातात दिला, आणि पाठोपाठ किल्ली. आमच्याकडे माणूस असाच जोखतात. आजोबा दोन्ही पाय लावतात, आणि हा शहाणा ब्रेक दाबायला गेला एका पायानं. सरळ शेजारच्या कुंपणात. झुडपांचंच होतं, लागलं कुणाला नाही, पण शेजारणीची वाळत घातलेली चादर बॉनेटवर येऊन बसली. बरं, माणसानं उतरून आधी माफी मागावी की नाही? हा म्हणतो, ‘आजोबा, बूस्टर गेलाय.’ झालं. आजोबा म्हणाले, ‘बूस्टर जागेवर आहे. तुम्ही निघा.’ चहा तसाच राहिला. तेव्हापासून त्याचा विषय निघाला की आत्या म्हणते, पायच नाहीत हो त्याला— काय वाईट आहे त्याच्या पायांत? चांगले आहेत. म्हणजे, असतील. मी कशाला बघायला जातेय. मी गाडी आणली ती ब्रेकसाठी, लग्नासाठी नाही. लग्नाचं कुठून आलं? तुम्ही काढलंत ना? नाही? बरं, मी काढलं. पण तुम्हीच सांगा, फाटक्या रबरापायी कुणी जावई नाकारतं का?

नाही, मी गॅरेजात आलेय हेही घरी माहीत नाही. हवा भरून आणते म्हणाले. आता हवा भरायला इतका वेळ लागत नाही हे त्यांच्या— झालं? चारही नट घट्ट? मग एक चक्कर मारून या— आलात? लागतोय नीट? बरं झालं, कारण ते बघा, फाटकातून आत येताहेत. काठीवाले आजोबा, घाम पुसताहेत ते बाबा, ओठ आवळलेत ती आत्या. तुम्ही काही बोलू नका.

हो आजोबा, बदलला. न विचारता. ओरडा नंतर, आधी चालवून बघा, इथंच आवारात. आत्या, बाबा, बसा तुम्हीही, पट्टे लावा. फक्त ब्रेक अलगद दाबा हं, एकाच पायानं— ऐकतील तर शपथ. मेस्त्री, इकडे सरका. ती बघा, आत्यानं पाय दाबला. आणि आजोबांनी— दोन्ही. गेले. तिघंही पट्ट्यात वाकून नमस्कार करून आले. आत्या, चष्मा डॅशबोर्डवर आहे. बाबा, मान वळतेय ना? उतरा सगळे.

काय म्हणालात आजोबा? हा लेचापेच्यांचा ब्रेक आहे, जुनाच परत बसवा? नाही. मेस्त्री, तो जुना उचलू नका. नाही आजोबा, बसणार नाही तो. आणि ही किल्ली घेतली मी. आता गाडी मी चालवणार, तुम्ही मागे बसायचं, आणि वाटेत त्याच्या घराशी थांबायचं. तुम्ही खाली उतरून त्याला सांगायचं, बूस्टर गेला होता. तीन शब्द. मग त्याच्याशी लग्न करायचं की नाही ते मी बघेन, त्याचे पाय तुम्ही बघायचे नाहीत. जमत नसेल तर चालत आलात तसे चालत जा.

काय झालं? आत्या? बाबा, आधी तुम्ही बसा.

बाबांनी मागचं दार उघडलं. आत्या आत सरकतेय. आजोबा— काठी आत घेतली त्यांनी. तुम्ही नका बघू हो मेस्त्री, त्यांना लाज वाटेल. जा, हात धुवा.