नानांचे दोन शब्द

…बरं, रुपचंदनानांना धुळ्याला जायला सांगितलं होतं कुणी? केळीच्या पिठाचा कारखाना म्हणून लोकांच्या ठेवी घेतल्या, कारखान्यावर धड पत्रेसुद्धा नाहीत हे पेपरात छापून आलं, सगळा कारभार बघणारा जावई किरण दुबईला पसार, संचालकांचे फोन बंद, मग चेअरमननं जळगावात गुपचूप घरी बसावं की नाही? पण नाही. म्हणे, "सह्या माझ्या आहेत. न वाचता केल्या, पण माझ्याच आहेत. लोकांशी दोन शब्द बोलायलाच पाहिजेत."

तुम्हाला सांगतो, मंगल कार्यालय ठेवीदारांनी गच्च भरलेलं, नाना माईक हातात घेऊन "बंधू-भगिनींनो" म्हणतात न म्हणतात तोच पहिली खुर्ची आली ती थेट कपाळावर! रक्ताची धार नाकावरून पांढऱ्या सदऱ्यावर, कुणी मागून लाथ घातली, कुणी चष्मा पायाखाली चुरडला, कुणी डोक्यावर शाई ओतली, चपलांची माळ गळ्यात पडली, एक जण ओरडतोय, "सह्या करणारा हात मोडा आधी," दुसरा बोटं पिरगाळतोच आहे, आणि नाना माईकचा दांडा धरून, "मला… दोन शब्द…" अहो, समोरचे दोन दात पडले, शब्द कुठले?

तेवढ्यात स्टेजवर चढल्या भिकुबाई. सत्तरीची बाई, जन्मभर शाळेत खिचडी शिजवली आणि साठवलेलं सगळं या कंपनीत घातलं. म्हणाल्या, "बठ्ठा बाजूले व्हा रे." गर्दी खरंच हटली. नानांना असं हायसं वाटलं म्हणून सांगू! हात जोडून म्हणाले, "अक्का, तुम्ही तरी ऐका, दोनच शब्द…"

भिकुबाईंनी पदर खोचला आणि अशी कानफटात ठेवून दिली की नाना माईकसकट आडवे. "आते मारा," म्हणाल्या, आणि शांतपणे खाली उतरून बसल्या.

पोलिसांनी कसंबसं ओढून एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर आमिर, तरुण माणूस, सुई-दोरा घेऊन समोर. नाना म्हणाले, "डॉक्टर, भूल?"

"माझ्या अम्मीची पण ठेव होती तुमच्याकडे. तिला तुम्ही दिलेली भूल अजून उतरली नाही, नाना."

तरी दिलं त्यानं इंजेक्शन. अकरा टाके घातले. आणि त्या सुईखाली, कुणी न विचारता, नानांचे दोन शब्द एकदाचे बाहेर पडले: "चूक झाली." ऐकायला कोण? एकटा आमिर.

इतक्यात फोन वाजला. जळगावचे ठेवीदार. "नाना, धुळेवाल्यांना भेटले, आम्ही काय परके? रविवारी या."

"येतो," म्हणाले नाना.

आमिरनं हातातली कात्री खाली ठेवली. "एवढा मार खाण्यापेक्षा तुम्ही पण पळून का नाही गेलात?"

नाना सुजलेल्या ओठांनी म्हणाले, "जाणार कसा? जावयानं तिकिटं दोनच काढली. एक त्याचं, एक माझ्या पोरीचं."