फ्लॉपीचा ऑप्शन

तुम्ही हसान, पण आमच्या धरमपेठच्या ऑफिसात फ्लॉपी अजून चालू आहे. आम्ही यंत्रांत बसणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डासाठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवतो. तिच्यात काय चालू, काय बंद, याची फाईल कधीतरी जुन्या पीसीवरून उचललेली. नवीन लागलेली इंजिनिअर पोरगी, प्रणाली, म्हणाली, "सर, बोर्डाले फ्लॉपी लावायची जागाच नाही, मंग तिचा ऑप्शन चालू काहून?"

फाईलमध्ये त्या ऑप्शनच्या शेजारी लिहिलं होतं: 'बंद करू नये. वानखेडे.'

आमचे जुने वानखेडे सर रिटायर होऊन कुहीले, आपल्या गावी, धान लावून राहिले. मी फोन केला.

"मी आलो तवाच चालू होता गा. बंद करून पाहायची हिंमत नाही झाली, म्हणून तसं लिहून टाकलं."

मी प्रणालीले जसंच्या तसं सांगितलं. तिनं त्याखाली एक ओळ वाढवली: 'वानखेडे सरांना विचारलं. खरंच बंद करू नये.'