जेवली न्हाई तरी सुई

न्हाई ताई, लिंबू देते की, लिंबाला न्हाई म्हनत न्हाई मी — पन आदी सांगा, पोरीच्या दंडाला ती पांढरी चकती हाय, ती साखर मोजायचीच ना? व्हय ना. मग घाटात दोनदा वकली, सकाळधरनं पोटात काय न्हाई, म्हनून आज तिची सुई चुकवली म्हनता — हे कुनी सांगितलं तुमाला? कुनी न्हाई. आपल्यालाच वाटतं तसं. मलाबी वाटलं व्हतं. बसा हितं फळीवर. कनसं ऱ्हाऊ द्या, ती काय पळून जात न्हाईत.

माजी धाकटी भन रंजना — ही टपरी आमा दोघींची — तिची पोर सारिका. अकरा वर्साची. तिलाबी हेच, दिसातनं चार येळा सुई. रंजनाची सासू तिकोणा पेठंला शेवटच्या घटका मोजत व्हती, म्हनून तीन दिवस पोर माज्यापाशी ठेवली. दुसऱ्याच दिशी वकाय लागली. भाकर न्हाई, पेज न्हाई, नुसतं पानी — तांब्याच्या तांब्या. आता मला येकच ठावं, सुई दिली की जेवान द्यायचं, उपाशी पोटी सुई दिली तर पोर चक्कर येऊन पडती. रंजनानं धा येळा बजावलेलं. मग जेवलीच न्हाई तर सुई कशाला? बरंच वाटलं मला, खरं सांगते — टोचून टोचून मांडीला जागा ऱ्हायली नव्हती लेकराच्या. रंजनाचा फोन आला, आक्का, सुई दिली का? म्हनलं, दिली. तिकडं सासू चाललेली, हिच्या जिवाला अजून घोर कशाला. दोनी दिवस म्हनलं, दिली.

तिसऱ्या दिशी पोरीच्या तोंडाला वास — पिकून काळं पडलेल्या केळाचा. म्हनलं, ही चोरून खाती आन मग वकती. डबं हुडकलं, दप्तार झाडलं, काय घावलं न्हाई. तरीबी मारली तिला. ती मोठा मोठा श्वास घेत व्हती — मला वाटलं, रडती.

हाक मारली तरी डोळं उघडंना, तवा दवाखान्यात नेली. तितली डाक्टरीन म्हनली, हिच्या पेशी उपाशी हायत. मी म्हनलं, पेशी म्हंजी काय? तर म्हनली, अंगात डोळ्याला न दिसनारी लाखो-करोडो घरं असत्यात, घराघरात चूल. खाल्लेल्याची साखर बनती, ती रगतातनं दाराशी जाती, आत श्वासातल्या हवेसंगं हळूहळू जळती, तवा हात हालतो, काळीज चालतं. पन दार उघडतं ते सुईतल्या औषिदानं. ते न्हाई तर साखर दारात पडून, आन आत चूल थंड. मग अंग आपलीच चरबी जाळाय लागतं — त्यो वास त्येचा. आन न जेवताबी अंग साठवल्यातली साखर रगतात सोडतंच, म्हनून जेवली न्हाई तरी सुई लागती. कमी का जास्ती ते डाक्टर सांगंल, पन बंद न्हाई करायची. हे मला कळलं तवा सारिका आत मशिनीवर व्हती. सकाळी गेली.

रंजनाला? तिला काय ठावं. ती म्हनती, मी गेले नसते तर. कदी म्हनती, औषीदच खराब निघालं आसंल. मी व्हय म्हनते. दोन वर्सं येका ताटात जेवतोय आमी. तुमालाबी सांगनार नव्हते, पन ही पोर बघा कशी धापा टाकती. वास घ्या तिच्या तोंडाचा. घ्या ना. ...आला? मग आता लिंबू नगं, कायबी नगं. तुमच्या डाक्टरला फोन लावा, आन गाडी खाली लोणावळ्यात दवाखान्याकडं घ्या. रडता काय, उठा. आन ती हंडा घेऊन येतीया ना, तीच — तिच्याम्होरं बोलू नका. जावा ताई. जावा म्हनते ना.

— काय न्हाई गं रंजना. पोरीला गाडी लागली म्हनं. रस्ता इचारत व्हत्या.