शालूताईंनी टेकडीवरून लावलेला फोन

मंडळी, एवढे सगळे आलात. मले भाषण येत नाही. शालूताईंच्या हार घातलेल्या फोटोसमोर हळू बोलावं म्हणतात. पण त्या बाईबद्दल हळू आवाजात बोलणं मले जमणार नाही, माफ करा!

मागच्या हिवाळ्यात आमच्या बेसाच्या गल्लीतले, शालूताई धरून, आम्ही नऊ जण धरणावर गेलो. पाण्याच्या मधात टेकडी, टेकडीवर महादेवाचं देऊळ. नावाड्यानं आमाले तिथं उतरवलं, तो दुसरे लोक आणाले गेला, अन् सुटला वारा! अशा लाटा, का त्याची नाव काठावरून निघेचना. तेवढ्यात माझे बाबा, हे समोर बसले आहेत ते, छाती धरून खाली बसले. घामाघूम.

अन् आम्ही काय केलं? ज्यानं त्यानं आपापल्या ओळखीच्या माणसाले फोन लावला! कोणी नगरसेवकाले, कोणी मामाले. मी बुटीबोरीच्या साळ्याले. साळा म्हणे, "पाहतो भाऊजी, काही जमते का." नागपूरचे न आपण! ओळखीशिवाय काम होते, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

शालूताईंनी फोन हिसकला माझा. "काहून गा, तुझा साळा पोहत येऊन राहिला का?" अन् लावला सरकारी मदतीचा एकशे बारा. आवाज कसा? भाजी निवडता निवडता बोलावं तसा. "नऊ माणसं आहोत. धरणातल्या देवळाच्या टेकडीवर. भिंतीवरून पाण्याकडे पाहिलं की उजव्या हाताले. एक बाबा आहेत, पंच्याहत्तरचे, छातीत दुखून राहिलं. मोटारबोट पाठवा, अन् काठावर अ‍ॅम्ब्युलन्स." मग आमच्यावर ओरडल्या, "या फोनवर कोणी बोलू नका! त्यायचा परत येईन."

आला, मंडळी! परत फोन आला! अन् मग मोटारबोट! आम्ही असे ओरडलो, का बाप्पा! बोटीत जागा कमी. ताईंनी पहिले बाबाले बसवलं. स्वतः शेवटच्या फेरीत आल्या, ओल्याचिंब, अन् हसत म्हणे, "साळ्याले कळव, आता नको येऊ म्हणा."

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं.

अन् परवा ताई झोपेतच गेल्या. कोणाले फोन कराले वेळच नाही भेटला त्यायले. सकाळपासून बाबा एकच विचारून राहिले, "मी राहिलो, अन् ते पोरगी काहून गेली?"

चला, ताईंसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू. बाबा, तुम्ही बसूनच राहा, डॉक्टरनं तुमाले... नाही ऐकत. पाहा, सगळ्यांच्या आधी उठले.